बर्फीवाली आजी

गुरुनाथच्या घरी फोटो बघायला जाताना गाडी कुठे लावायची याचा आधी विचार करावा, आणि नेमका तोच राकेश मेश्रामने केला नाही. सगळ्यांच्या आधी पोचून त्याने गाडी ड्राइव्हवेत थेट गॅरेजच्या दाराला नेऊन टेकवली. मग मागून एकेक पाहुणा येत गेला आणि गाडीमागे गाडी लागत गेली. आता शेवटचा पाहुणा जेवून, विडा खाऊन, दारात अर्धा तास गप्पा मारून निघाल्याशिवाय मेश्राम मंडळींची सुटका नव्हती.

त्यात दोन हजार सातच्या थँक्सगिव्हिंगचा वीकेंड. कुणालाच दुसऱ्या दिवशी ऑफिस नाही, म्हणजे घाईही नाही. अमेरिकेतल्या या ट्रॉय गावातली मराठी माणसं फिरून आली की फोटो दाखवतात, ही इथली रीतच आहे. पूर्वी अल्बम हातात द्यायचे, तो निदान भराभर चाळता यायचा. डिजिटल कॅमेरे आल्यापासून काय टाकून द्यावं हेच लोकांना कळेनासं झालंय. गुरुनाथने ऑफिसातून प्रोजेक्टर उचलून आणला होता, बेसमेंटच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकली होती, आणि दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना असे हजारावर फोटो रांगेने दाखवायचा त्याचा बेत होता. जेवण त्यानंतर! आधी वाढलं तर लोक पळतात, एवढं शहाणपण त्याला अनुभवाने आलं होतं.

राकेशची आई, शीलाबाई, सोफ्याच्या बरोबर मधोमध बसल्या होत्या. एका बाजूला प्रतिमाकाकू, ट्रॉयमध्ये तीस वर्षं काढलेल्या आणि सगळ्यांची खबर ठेवणाऱ्या. दुसऱ्या बाजूला सून दीक्षा, तिसरा महिना लागलेली. समोर टीपॉय, टीपॉयवर चिवड्याच्या वाट्या, आणि पुढे गालिच्यावर बसलेली पोरं. उठायचं म्हटलं तरी चौघांना पाय आवरायला सांगावं लागणार.

"काकू, तुम्ही अजिबात उठायचं नाही हं," गुरुनाथची बायको उत्तरा आल्या आल्या म्हणाली होती. शीलाबाईंनी घरून सांबारवडी करून आणली होती, ती तळायला त्या स्वयंपाकघराकडे वळल्या, तर हिने त्यांच्या हातातला डबाच काढून घेतला. "गॅसपाशी तुम्ही नकोच. बसा निवांत." बोलली हसून, पण झारा काही दिला नाही. सप्टेंबरमध्ये दोन्ही घरं मिळून आफ्रिकेला गेली होती, त्या ट्रिपपासून हे असंच चाललं होतं.

एका मुलीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "आर यू द बर्फी आजी?"

"हो गं बाई, मीच ती," शीलाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

आता या बाई कोण, ते सांगितलं पाहिजे. नागपूरच्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी उभा जन्म काढला. मेश्राम सिस्टर म्हटलं की शिकाऊ डॉक्टर खुर्चीतून उठायचे. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. का ठरवलं, हे त्यांच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. नवरा लवकर गेला, राकेशला एकटीने इंजिनीअर केलं, आणि ऑगस्टमध्ये त्या पहिल्यांदा अमेरिकेत आल्या. येताना मुलासाठी आणली नागपूरची संत्रा बर्फी. त्या बर्फीने त्यांचा घात केला.

आणि आज सकाळी तर कमालच झाली. शीलाबाई सांबार निवडत होत्या. सांबार म्हणजे कोथिंबीर, नागपूरकडे तेच म्हणतात. दीक्षा शेजारी येऊन उभी राहिली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आई, जूनला बाळंतपणाला माझी आईच येईल म्हणतेय. तुम्हाला उगाच दगदग नको. जानेवारीत तुम्ही जाल ना, मग परत लगेच एवढा प्रवास कशाला?"

"दगदग कसली गं? माझी हयात गेली त्यात."

"तसं नाही. पण इथे डॉक्टर सांगतात ते जसंच्या तसं पाळावं लागतं. आणि आफ्रिकेत काय झालं ते आपण बघितलंच ना, आई? बाळाच्या बाबतीत मला रिस्क नकोय."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, काळजीला काय उत्तर देणार? शीलाबाई सांबार निवडत राहिल्या. हजारो पोरं या हातांनी जगात आणली, आणि स्वतःच्या नातवाला हात लावायची आपली लायकी नाही! त्या दिवसभर मनातल्या मनात जळत होत्या.

म्हणून तर इथे आल्यावर, फोटो सुरू व्हायच्या आधी, त्यांनी राकेशला जिन्यात गाठलं. "आज ती गोष्ट सांगू नकोस. आणि दीक्षाला खरं काय ते सांग."

"आई, आता काय त्याचं? लोक हसतात आणि विसरतात, यार."

"दीक्षा विसरली नाही. जूनला ती मला बोलवत नाहीये, ठाऊक आहे तुला?"

राकेश इकडेतिकडे बघत राहिला. म्हणजे ठाऊक होतं. "मी बोलतो तिच्याशी. प्रॉमिस. आज नाही सांगणार ती गोष्ट, झालं?"

आईचं मन किती खुळं असतं बघा. त्या एका वाक्यावर त्या खाली येऊन सोफ्यावर बसल्या.

फोटो सुरू झाले. केप टाउनचा सपाट माथ्याचा डोंगर झाला. तोच डोंगर उत्तरासकट झाला, मग गुरुनाथसकट, मग नुसता ढगात. नामिबियातल्या लाल वाळूच्या टेकड्या झाल्या. "हा आपला इलेक्ट्रिक कुकर," गुरुनाथ म्हणाला. वाळवंटातल्या लॉजमध्ये यांनी खिचडी लावली आणि अख्ख्या लॉजची वीज गेली, तो किस्सा त्याने रंगवून सांगितला. लोक खूश झाले. मग झेब्रा. "हाच झेब्रा मागून." पोरं खिदळली. शीलाबाई मात्र एकेक फोटो मोजत होत्या, कारण फोटो तारखेवार लावले होते आणि नामिबियानंतर बोट्सवाना होतं.

बोट्सवानात चोबे नदीच्या काठी तंबू होते. गाइडचं नाव काबो, उंच, शांत माणूस. पोचल्या पोचल्या त्याने सगळ्यांना बसवून सांगितलं, की खायचं काहीही तंबूत ठेवायचं नाही, सगळं जीपवरच्या लोखंडी पेटीत टाकायचं. आणि संत्री असतील तर आत्ताच्या आत्ता द्या, कारण हत्तीला संत्र्याचा वास लांबून येतो आणि त्यासाठी तो गाडीचं दारसुद्धा उपटतो. बाकीचे आपापले तंबू बघायला पांगले तेव्हा शीलाबाईंनी पिशवीतून बर्फीचा खोका काढला आणि स्वतःच्या हाताने काबोला दिला. "ऑरेंज स्वीट," त्या म्हणाल्या. तो हसला, म्हणाला, "थँक यू, मामा," मामा म्हणजे तिकडे आई, आणि खोका पेटीत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी राकेश त्यांच्या तंबूत शिरला तो शर्टाखाली खोका घेऊनच. साखर वाढलीय म्हणून दीक्षाने त्याचं गोड बंद केलं होतं, आणि हा बापडा आईच्या तंबूत चोरून बर्फी खात होता! चौतिशीचा घोडा!

"अरे, तो पेटीत ठेवा म्हणाला ना?"

"आई, ते फळांसाठी गं. बर्फीत कुठे संत्रं असतं, नुसता इसेन्स असतो." त्याने दोन वड्या तोंडात कोंबल्या आणि खोका खाटेखाली सरकवला. "संध्याकाळी ठेवतो परत."

त्यांनी तेव्हाच उठून तो खोका काबोला नेऊन द्यायला हवा होता. नाही दिला. पोरगं किती दिवसांनी आवडीचं खातंय, म्हणून नाही दिला. एवढीच काय ती त्यांची चूक, आणि त्या ती कधी नाकारत नव्हत्या.

त्या दुपारच्या जेवणानंतर बाकीचे झाडाखाली पत्ते कुटत होते. शीलाबाई खाटेवर पडल्या होत्या. आधी तंबूचं कापड हललं, मग फाटलं, आणि त्या फटीतून सोंड आत आली. ओलसर, राखाडी, टोकाशी दोन बोटं असावीत तशी चाचपणारी. त्या हलल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. सोंड त्यांच्या पायावरून गेली, खाटेखाली शिरली आणि खोका घेऊन बाहेर गेली. जाताना हत्तीने तंबूचा खांबही नेला. सगळा तंबू त्यांच्या अंगावर आला, आणि काबोने कापड फाडून बाहेर काढेपर्यंत त्या अंधारात, कापडाखाली, स्वतःचा श्वास ऐकत पडून होत्या.

बाहेर आल्या तर सगळे गोळा झालेले. काबोच्या हातात अजून फाटलेलं कापड होतं. कॅम्पचा मालक लालबुंद होऊन ओरडत होता, की सामान बांधा, आजच निघा, पुढचे दोन दिवस कॅन्सल. गुरुनाथ पैशांवरून भडकला होता, उत्तरा रडत होती. दीक्षा राकेशकडे बघून विचारत होती, "खोका तंबूत आला कसा?"

आणि राकेश म्हणाला, इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं, "माय मदर. शी इज ओल्ड. शी डझन्ट अंडरस्टँड इंग्लिश."

काबोने शीलाबाईंकडे बघितलं. खोका कुणी दिला होता हे त्याला पक्कं आठवत होतं. त्या बोलतील म्हणून तो थांबला. त्यांनी राकेशचं तोंड पाहिलं, आणि स्वतःचं मिटलं.

एवढंच घडलं होतं. बाकी सगळं ट्रॉयमध्ये वाढत गेलं. एकाच्या गणपतीत सांगितलं, दुसऱ्याच्या दिवाळीत सांगितलं, आणि दर खेपेला आजी जास्त वेंधळी आणि हत्ती जास्त मोठा होत गेला. फुटकळ चूक असती तर शीलाबाईही हसल्या असत्या. पण या हसण्यातून त्यांची किंमत उतरत गेली, गॅस गेला, घराची किल्ली गेली, आणि आज सकाळी नातू गेला.

"आता बोट्सवाना!" गुरुनाथने जाहीर केलं. भिंतीवर चोबे नदी आली.

शीलाबाई उठल्या. "जरा जाऊन येते," त्या दीक्षाला म्हणाल्या. लोकांनी पाय आवरले, वाट्या सरकवल्या, आणि त्या जिना चढून वर आल्या. बाथरूमला जायचंच नव्हतं. कुठेतरी बाहेर जाऊन उभं राहावं, एवढंच वाटत होतं. पण जायचं कुठे? बाहेर बर्फ, रस्त्याला फुटपाथ नाही, गाडी सगळ्यांत आत अडकलेली, किल्ली राकेशच्या खिशात. निदान दारात मोकळी हवा घ्यावी म्हणून त्यांनी पुढच्या दाराची कडी फिरवली. दार बोटभर उघडलं असेल नसेल, भिंतीतून एक बाई इंग्रजीत ठणठणीत बोलली, की पुढचं दार उघडलंय. मेले हे अमेरिकन अलार्म! खाली सगळ्यांनी ऐकलं.

उत्तरा धावत वर आली. "अहो काकू! कुठे निघालात? बाथरूम इकडे आहे. बाहेर चुकाल ना!" तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना जिन्यावरून हळूहळू खाली आणलं, एकेक पायरी सांगत. गुडघे दुखत होते हे खरं, पण पायऱ्या दिसत नव्हत्या असं नाही. दीक्षाने काळजीने त्यांच्याकडे बघितलं आणि मग राकेशकडे. त्या नजरेचा अर्थ शीलाबाईंना बरोबर कळला. वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटच्या सुना अशाच बघायच्या.

भिंतीवर फाटलेला तंबू आला. पोरांनी एकच गिल्ला केला. "बर्फी! बर्फी!"

"राकेश, यार, हा तुझा आयटम आहे," गुरुनाथ म्हणाला. "ये पुढे."

राकेश नाही नाही म्हणाला. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो उठला. शीलाबाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि तो सगळीकडे बघत होता, फक्त त्यांच्याकडे सोडून.

"तर काबो म्हणाला, नो ऑरेंज," त्याने सुरुवात केली. हात हलवत, आवाज बदलत. छान सांगायचा, नाही म्हणता येणार नाही. आई खोका पदराखाली लपवून कशी नेते, कशी इकडेतिकडे बघते, ते त्याने चालून दाखवलं. आज त्यात एक नवीन भर होती. हत्ती आला तेव्हा आई म्हणे त्याच्याशी खोक्यासाठी ओढाताण करत होती. लोक हसून हसून वाकले. प्रतिमाकाकूंनी डोळे पुसले.

"पण काय हो शीलाताई," प्रतिमाकाकू त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "त्याने इतकं सांगितलं होतं, तरी तुम्ही ठेवलीत कशाला तंबूत?"

आतापर्यंत हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी माना वळवल्या. गुरुनाथचा हात बटणावर थांबला. दीक्षासुद्धा बघत होती, उत्सुकतेने. प्रोजेक्टरच्या उजेडात राकेश उभा होता, त्याच्या अंगावर फाटका तंबू पडला होता, आणि आता पहिल्यांदा तो आईकडे बघत होता. सहावीत गणितात नापास होऊन आला तेव्हाचंच तोंड. सांगू नकोस, आई.

शीलाबाईंनी दीक्षाच्या पोटाकडे बघितलं. अजून काहीच दिसत नव्हतं तिथे.

"मी नाही ठेवली," त्या म्हणाल्या. स्पष्ट, वॉर्डात बोलायच्या तशा. "मी काबोला माझ्या हाताने दिली होती. राकेशने परत आणली. त्याला खायची होती म्हणून."

झालं, सुटले एकदाची, असं क्षणभर शीलाबाईंना वाटलं.

आणि मग बेसमेंट हसण्याने फुटलं.

"अरे बाप रे! काकू!" गुरुनाथ पोट धरून खाली बसला. "डायरेक्ट मुलावर ढकललं!"

"बर्फी आजी सेज ही डिड इट!" पोरं ओरडली.

"शाब्बास शीलाताई," प्रतिमाकाकू म्हणाल्या, "आमच्या सासूबाई अगदी अश्शा होत्या. रंगेहाथ पकडलं तरी मी नाही म्हणायच्या."

"अहो, खरं सांगतेय मी," शीलाबाई म्हणाल्या. आवाज चढला, त्यामुळे लोक आणखी हसले. "राकेश, सांग ना. सांग यांना."

राकेश उजेडात उभा होता. त्याने फक्त हो म्हणायचं होतं. एवढ्या हसण्यात हो म्हणणंसुद्धा सोपं होतं, लोकांनी तेही हसण्यावारी नेलं असतं, पण दीक्षाला कळलं असतं. त्याने ओठ उघडले. मग तोही हसला. "हो हो, आई," तो लहान मुलाची समजूत काढावी तशा सुरात म्हणाला, "मीच ठेवली. सगळी माझीच चूक. खूश?"

पुन्हा हशा. खरं बोलूनही पोरगा पकडला गेला नाही, आणि खरं बोलून आई वेडी ठरली.

दीक्षा मात्र हसली नव्हती. शीलाबाईंनी आशेने तिच्याकडे वळून बघितलं. दीक्षाने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कानाशी वाकली. "जाऊ द्या ना आई," ती हळूच म्हणाली, "कुणी रागावलेलं नाहीये तुमच्यावर. पण असं त्याच्यावर नका ना घालू. त्याला वाईट वाटतं." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मनाने चांगली पोर. शीलाबाईंना ओरडावंसं वाटलं, आणि ओरडल्या तर काय होईल हेही कळत होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही.

त्यानंतरचा व्हिक्टोरिया फॉल्स फोटोत नव्हताच, कारण रद्द झालेल्या त्या दोन दिवसांत तोच राहून गेला होता. जेवणं झाली. शीलाबाईंनी केलेली सांबारवडी उत्तराने तळली, जराशी करपवून. सगळ्यांनी छान म्हणून खाल्ली. मग ड्राइव्हवेतल्या गाड्या मागून एकेक करत निघू लागल्या.

दारात बुटांचा ढीग होता. शीलाबाईंचे बर्फातले उंच बूट चेनचे होते, आणि गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. राकेश आला, काही न बोलता खाली बसला, आणि त्यांचा पाय उचलून बुटात सरकवला. मागे प्रतिमाकाकू, उत्तरा, गुरुनाथ, सगळे निरोप द्यायला उभे होते.

"असा मुलगा मिळायला भाग्य लागतं हो," प्रतिमाकाकू म्हणाल्या. "इथली मुलं कुठे आईच्या पायाला हात लावतात?"

"खरंच," उत्तरा म्हणाली. दीक्षाने नवऱ्याच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

राकेशची बोटं चेनवर घसरत होती. चेन मध्येच अडकली. तो ओढत राहिला, मान खाली घालून, कान लाल झालेले.

"वर बघ, राकेश," शीलाबाई म्हणाल्या.

तो वर बघेना. त्याने चेन वरपर्यंत ओढली आणि दुसरा बूट हातात घेतला. सगळे कौतुकाने बघत होते. शीलाबाईंनी भिंतीला धरून दुसरा पाय पुढे केला.